वाडीमागचं रान आणि दसऱ्याची अदलाबदल

गास, ता. वसई
सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

चि. जितेंद्र यास,

काल, रविवार दि. २० ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तू पाठवलेला जेसीबी आपल्या वाडीमागच्या रानात शिरला. वेळ नक्की आहे. चर्चमध्ये नऊच्या मिस्साची घंटा वाजली, कृष्णाबाईने वाडीत कामाला लागण्याआधी चहा ठेवला, आणि तो उकळायच्या आत पहिला करंज आडवा झाला. मी तेव्हा कळंबला होते, शाळेतल्या मैत्रिणीच्या नातीच्या, टिफनीच्या लग्नाला. हे तुला ठाऊक होतं. शनिवारी तूच फोन करून गोड आवाजात विचारलंस, "आत्या, उद्या घरी आहेस का?" मला वाटलं, भाचा भेटायला येतोय. मी घरी नसल्याची तू खात्री करून घेत होतास, हे संध्याकाळी परत आल्यावर मागच्या दारातून नुसतं आभाळ दिसलं तेव्हा कळलं.

विहिरीकडच्या तुकड्यामागचं सगळं रान गेलं. करंज, भोकर, दोन उंबर, म्हातारा शिरीष, बांबूचं बेट, खालचा अडुळसा. चिंचेकडच्या तुकड्यामागचं तेवढं उरलं, कारण ड्रायव्हरला विहिरीपर्यंतचंच काम सांगितलं होतं. कृष्णाबाईने त्याला अडवलं तर तो म्हणाला, मालकानेच सांगितलंय. कोणता मालक, हे विचारायला मी तिथे नव्हते.

आपल्या घरचा नियम तुला माहीत नाही, असं म्हणू नकोस. आबांनी आणि काकांनी वाडीचे दोन तुकडे पाडले, पण वाटणी केली नाही. एकाला चांगली जमीन आणि दुसऱ्याला वाईट, ही कुरबूर नको म्हणून दर दसऱ्याला बांधावर उभं राहून एकमेकांना आपट्याचं पान द्यायचं आणि तुकडे बदलायचे. त्यांच्यानंतर तुझ्या वडिलांनी आणि मी तेच केलं. शांताराम गेल्यापासून तू आणि मी करतो. यंदा विहिरीकडचा तुकडा तुझा, चिंचेकडचा माझा. ज्याचं वर्ष त्याचं पीक. रान मात्र दोघांचं, कायमचं. त्याची अदलाबदल होत नाही. आपट्याचं पान सुकायच्या आत तू दोघांच्या मालकीची झाडं पाडलीस.

याचं कारण मला लेखी हवं आहे. फोनवर तू "हो आत्या, बरोबर आहे आत्या" म्हणतोस आणि रविवारी यंत्र पाठवतोस. मी पोस्टाच्या काउंटरवर उभं आयुष्य काढलं आहे. माणूस तोंडाने काय बोलतो आणि कागदावर काय लिहितो, यातला फरक मला समजतो.

तुझी आत्या,
यमुना राऊत

•

चंदनसार, विरार (पूर्व)
३० ऑक्टोबर २०२४

ती. यमुनाआत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सुरुचीने दोनदा वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तेव्हा घरातली शिक्षा मला आधीच मिळाली आहे.

तू घरी नसताना जेसीबी लावला, ही चूक मान्य. पण तू घरी असतीस तर तो लागलाच नसता, हेही मान्य कर.

कारण साधं आहे. मला या वर्षी वांगी मनापासून करायची आहेत. विमा कंपनीत दिवसभर लोकांचे अपघात वाचून कंटाळा आला आहे. वाडी नीट चालली तर पन्नाशीला नोकरी सोडून गासला राहायला यायचा विचार आहे, हे तुला पहिल्यांदाच सांगतो. खत-औषधांच्या दुकानदाराने वाडी पाहिली आणि स्पष्ट म्हणाला, "मागे ही झाडी आहे तोवर तुमचं पीक कधी स्वच्छ निघणार नाही." कीड झाडीत राहते आणि पिकावर येते. शिवाय सावली, पाखरं, साप. गावात ज्यांनी कडेची झाडं काढली त्यांची शेतं बघ, आरशासारखी दिसतात.

त्यामुळे आताच सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा फसवल्यासारखं होणार नाही. पुढच्या दसऱ्याला चिंचेकडचा तुकडा माझ्याकडे येईल, तेव्हा त्याच्यामागचं रानही काढावं लागेल. अर्धा मालक मीही आहे.

दिवाळीचा फराळ भावेश रिक्षावाल्याबरोबर पाठवतोय. अनारसे सुरुचीचे आहेत, माझ्यावरच्या रागाने परत पाठवू नकोस.

तुझा,
जितेंद्र

•

गास
९ नोव्हेंबर २०२४

चि. जितेंद्र यास,

अनारसे ठेवून घेतले. ते सुरुचीने केले आहेत आणि तिने झाडं पाडलेली नाहीत.

कीड रानात राहते, हे खरं आहे. कीड खाणारेही तिथेच राहतात. हे तुझ्या दुकानदाराने सांगितलं नाही, कारण त्यांना बाटलीत भरून विकता येत नाही.

आम्हाला शाळेत सिस्टर फिलोमिना निसर्गाच्या तासाला एकेका झुडपासमोर बसवायच्या आणि तास संपेपर्यंत तोंड उघडू द्यायच्या नाहीत. तेव्हा ती शिक्षा वाटायची. निवृत्तीनंतर मी तेच मागच्या ओट्यावर चहाचा कप घेऊन करते. तुला सांगते काय दिसतं. करंजाच्या ढोलीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. त्या वांग्याच्या पानावरून अळी उचलायच्या, तिचा गोळा करायच्या आणि पिल्लांना न्यायच्या. मुंगीहून बारीक अशा दुसऱ्या माश्या असतात. त्या अळीच्या अंगातच अंडी घालतात आणि अळी आतून संपते. त्या स्वतः मात्र फुलांतल्या मधावर जगतात, आणि वांग्याच्या फुलात त्यांच्यासाठी मध नसतो. तो त्यांना भोकराच्या आणि अडुळशाच्या फुलांत मिळायचा. कोतवाल पक्षी तुझ्या काठ्यांवर बसून उडते किडे टिपायचा. दयाळ मातीतले वेचायचा. दिवेलागणीला शिरीषाच्या सालीमागून छोटी वटवाघळं निघायची आणि वाडीवर घिरट्या घालत पतंग खायची. वांग्यातली अळी त्या पतंगाच्याच अंड्यातून येते, हे तरी दुकानदाराने सांगितलं का? सापाचं म्हणशील, तर रानात धामण आहे. ती उंदीर खाते आणि तुझ्यासारख्यांना बघून पळते.

मी असं म्हणत नाही की माझ्या वांग्यात अळी निघत नाही. निघते. टोपलीत चार निघतात, टोपली फेकावी लागत नाही.

तू त्या सगळ्यांचं घर पाडलंस आणि आता पिकाची राखण त्यांच्यावाचून करणार आहेस. कर. चिंचेकडच्या रानाबद्दल मात्र लक्षात ठेव, उरलेला अर्धा मालक मी आहे आणि पुढच्या दसऱ्याला मी लग्नाला जाणार नाही.

नोकरी सोडायचा विचार चांगला आहे. तो पुन्हा कधीतरी, शांत डोक्याने लिही.

यमुनाआत्या

•

चंदनसार
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास नमस्कार,

तीन महिने पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

वांग्यांना अळी लागली आहे. आधी शेंडे माना टाकू लागले, मग फळांना भोकं. मी वाडीवर कामाला ठेवलेला मयूर दर आठवड्याला पंप घेऊन फवारतो. औषध दोनदा बदललं. दुकानदार म्हणतो, आता तिसरं, त्याहून कडक लागेल. पानांतला रस शोषणारा बारीक कोळीकिडाही आला. पानं तांबूस झाली आहेत. नालासोपाऱ्याच्या बाजारात कृष्णाबाईच्या शेजारी मयूरला बसवलं तर गिऱ्हाईक आमचं वांगं हातात घेतं, उलटंपालटं करतं आणि तिच्या टोपलीकडे वळतं. मयूर लाजून परत आला.

बांधापलीकडे तुझी वांगी मात्र स्वच्छ. मधे फक्त एक बांध आहे, आत्या. एवढा फरक कसा पडेल?

मला दोन शक्यता दिसतात. एक, तू काहीतरी औषध वापरतेस आणि सांगत नाहीस. आबांचं एखादं जुनं असेल. दोन, तुझ्या बाजूच्या रानात वाढलेली कीड हाकलली जाऊन माझ्याकडे येते. दुकानदार दुसरी शक्यता जास्त मानतो. तसं असेल तर उरलेलं रान दसऱ्यापर्यंतही ठेवणं मला परवडणार नाही. राग मानू नकोस. मला नोकरी सोडायची आहे, आणि हे पीक बघून सुरुची म्हणते, खुर्ची घट्ट धरून बस.

जितेंद्र

•

गास
२० फेब्रुवारी २०२५

चि. जितेंद्र यास,

पहिली शक्यता: मी औषध वापरत नाही. वापरत असते तर तुला सांगितलं असतं आणि वर चार शब्द सुनावले असते.

दुसरी शक्यता: कीड माझ्या पिकावरून उडून, बांध ओलांडून, तुझ्याचकडे येते. का? तुझं वांगं तिला जास्त गोड लागतं?

काल मी कृष्णाबाईला घेऊन तुझ्या तुकड्यात फिरले. झाडाखाली मातीत किडे खाणारा एक कोळी दिसला नाही. पानाखाली मावा खाणारा एक ढालकिडा नाही. तुझ्या औषधाने आधी ते मेले, कारण ते उघड्यावर फिरतात. अळी फळाच्या आत बसली होती, तिला काही झालं नाही. कृष्णाबाई म्हणाली, "ताई, हितं औषधाचं पानी सोडून कायच जित्तं नाय." मेलेल्यांच्या जागी नवे यायला मागे रान असावं लागतं. ते तू ऑक्टोबरातच पाडलंस.

आता मुद्द्याचं. तू रान दसऱ्याआधी पाडायची धमकी देतोस. मी तहसीलदारांकडे अर्ज करू शकते, पण घरातलं भांडण सरकारी टेबलावर न्यायला मला लाज वाटते. म्हणून एक करार सुचवते.

येत्या दसऱ्याला नेहमीप्रमाणे तुकडे बदलू. रानाचा तुकडा तुझ्याकडे येईल, उघडा माझ्याकडे. दोघांनी एकाच ठिकाणाहून वांग्याची रोपं आणायची. दोघांनीही फवारायचं नाही. उघड्या तुकड्यातलं पीक रानाकडच्यापेक्षा चांगलं आलं, किंवा सारखं जरी आलं, तर उरलेलं रान पाडायला मी स्वतः सही देईन आणि जेसीबीच्या ड्रायव्हरला चहाही करून देईन. उघड्यातलं वाईट आलं, तर उरलेल्या रानाला तू हात लावणार नाहीस आणि पाडलेलं पुन्हा लावशील. माझ्या वाट्याला वाईट तुकडा येतोय, हे बघ. याहून न्यायाची गोष्ट मला सुचत नाही.

मान्य असेल तर सही करून पाठव. साक्षीदार म्हणून सुरुची चालेल. तिच्यावर माझा विश्वास आहे.

यमुनाआत्या

•

चंदनसार
२६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,

मान्य. फक्त कामगंध सापळे लावायची मुभा असावी, त्यात औषध नसतं. नुसता वास असतो, पतंग येऊन अडकतो.

जितेंद्र

ता. क.: आत्या, साक्षीदार म्हणून मी सही केली आहे. यांनी करार तीनदा वाचला आणि म्हणाले, "म्हातारी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय." 'म्हातारी' हा शब्द मी मुद्दाम कळवते आहे. — सुरुची

•

चंदनसार
४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास नमस्कार,

परवा दसऱ्याला बांधावर तू पान दिलंस आणि एक शब्दही टोचून बोलली नाहीस. त्याने मी जास्त घाबरलो.

कळवायचं असं की उन्हाळ्यात मी भाजीपाल्याचा एक शास्त्रोक्त अभ्यासक्रम केला. शनिवार-रविवार, चार आठवडे. प्रमाणपत्र मिळालं आहे. ओळींमधलं अंतर, सापळ्यांची उंची, पाण्याचं वेळापत्रक, सगळं शिकलो. तुझ्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण यंदा सामना तेवढा सोपा जाणार नाही.

रोपं परवाच दोन्हीकडे लागली. करार पाळतोय. मयूरने पंप धुऊन माळ्यावर ठेवला.

तुझा प्रमाणपत्रधारक भाचा,
जितेंद्र

•

गास
२८ डिसेंबर २०२५

चि. जितेंद्र यास,

नाताळचा केक मैत्रिणीकडून आला होता. तुम्हा दोघांचा वाटा काढून ठेवला आहे. थंडी बरी पडली. विहिरीच्या मोटरचं झाकण बदललं, तुझ्या वाट्याचं नंतर बघू. कृष्णाबाईच्या सुनेला मुलगी झाली. पडवळं चांगली आहेत. मोगऱ्याची छाटणी केली.

वाडी बघायला यायची घाई नाही. तुझा तुकडा रस्त्याकडून दिसतो, तिकडूनच बघत जा. माझ्या तुकड्यात चिखल आहे, तुझे ऑफिसचे बूट खराब होतील.

यमुनाआत्या

•

चंदनसार
रविवार, १ मार्च २०२६

ती. यमुनाआत्यास शि. सा. न. वि. वि.

चिखल नव्हता, आत्या. काल मी तू देवळात गेलीस तेवढ्यात बांध ओलांडून आत गेलो. तुझी वांगी पाहिली. शेंडे वाळलेले, फळांना भोकं, आणि विहिरीच्या कठड्याशी खराब वांग्यांचा ढीग नारळाच्या झावळीखाली झाकलेला. झावळी उचलली ती तशीच परत ठेवली आहे.

माझी वांगी तू रोज बघतेसच, पण मला लिहू दे. गेल्या वर्षी लाजून परत आलेला मयूर आता टोपली रिकामी करून दुपारच्या आत घरी येतो. फवारणी एकदाही नाही. पंप माळ्यावर आहे, त्याच्यापुढे सुरुचीने कांद्यांची पोती रचली आहेत. सुरुची स्वतःहून म्हणाली, नोकरीचं बघू या. हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मी किती थांबलो आहे, तुला कल्पना नाही.

गंमत म्हणून सांगतो, परवा एक पिवळी गांधीलमाशी पानावरची अळी उचलून रानाकडे उडाली. मी व्हिडिओ काढला, ऑफिसात सगळ्यांना दाखवला. एक काळा पक्षी माझ्या काठीवर रोज हजर असतो, त्याचं नाव मी सुपरवायझर ठेवलं आहे. रस्त्याकडच्या शेवटच्या दोन-तीन ओळींत थोडी अळी आहे, तिथे बहुधा धुळीमुळे. रानाला लागून असलेल्या ओळी मात्र काचेसारख्या.

आता करार. अक्षरशः वाचला तर तू जिंकलीस, कारण उघड्या तुकड्यातलं पीक वाईट आलं. पण प्रामाणिकपणे विचार कर. फरक रानाने पडला की शिकून केलेल्या शेतीने? मी अंतर पाळलं, सापळे लावले, वेळेवर पाणी दिलं. तू जुन्या पद्धतीने केलंस. तेव्हा दोन तुकड्यांची तुलना झालीच नाही, दोन शेतकऱ्यांची झाली. म्हणून माझं मत असं, की करार रद्द समजावा. रान सध्या मी पाडत नाही, पण पुन्हा लावण्याचा खर्च आणि जागा अडवणं मला पटत नाही.

शेवटचा मुद्दा जरा नाजूक आहे. या दसऱ्यापासून ही अदलाबदल थांबवावी असं सुचवतो. आबांच्या काळी ठीक होती. आता ज्याला ज्या मातीची सवय झाली त्याने ती धरावी. चिंचेकडचा तुकडा माझ्या हाताला बसला आहे, तो कायम माझ्याकडे राहू दे. विहिरीकडचा तुझा. तुला पाणीही जवळ पडेल.

तुझा,
जितेंद्र

•

गास, ता. वसई
गुरुवार, ५ मार्च २०२६

चि. जितेंद्र यास,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा हसत, आणि तिसऱ्यांदा कृष्णाबाईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती तुझ्या शेवटच्या मुद्द्यावर म्हणाली, "मंग बोला की, बाबाला रान पायजे." मला एवढं थोडक्यात जमलं नसतं, म्हणून पुढचं पत्र लांब आहे.

हो, माझी वांगी गेली. झावळीखालचा ढीग माझा आहे. डिसेंबरातच शेंडे माना टाकायला लागले होते, आणि मी तुला मोटरच्या झाकणाबद्दल लिहीत बसले, कारण मला तुझी दया नको होती. या वाडीत जन्मापासून वावरले, आणि टोपल्या फेकायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली. मला त्याचं वाईट वाटलं. पण प्रत्येक टोपली फेकताना मला बरंही वाटत होतं, कारण हे असंच होणार हे मी तुला लिहून ठेवलं होतं.

आता तुझी शास्त्रोक्त शेती. सापळे म्हणशील तर माझ्या तुकड्यातही होते. तू झावळी उचललीस पण मान वर केली नाहीस. तुझ्याच दुकानातून, तेच, त्याच उंचीवर, कृष्णाबाईने बांधले. ओळींमधलं अंतर एकच आहे, कारण लावणीच्या दिवशी मयूरने तुझी दोरी आमच्याकडे आणली आणि दोन्हीकडे त्याच दोरीने ओळी आखल्या. पाणी एकाच विहिरीचं. रोपं एकाच गाडीतून उतरलेली. फवारणी तुझीही नाही, माझीही नाही. मग उरलं काय? माझा हात म्हणशील, तर याच हाताने त्याआधीच्या वर्षी तू आज बसला आहेस त्याच तुकड्यात स्वच्छ वांगी काढली होती, आणि तुला त्यात गुप्त औषध दिसलं होतं. तुझा हात म्हणशील, तर त्याच हाताने त्या वर्षी माझ्या आजच्या तुकड्यात मयूरला बाजारातून लाजून परत आणलं. चार पिकं झाली, जितेंद्र. माणसं बदलली, तुकडे बदलले. रान ज्याच्या पाठीशी, पीक त्याचं. आपल्या घरातली अदलाबदल तू थांबवायला निघालास, आणि तिनेच तुला निकाल दिला.

तू म्हणशील, उघड्या तुकड्यात आधीच्या वर्षी कडक औषधं पडली, त्याचाही परिणाम असेल. असेल. मग ती कोणी पाडली?

आणि तुझी साक्ष. मी तुझ्याविरुद्ध वकील दिला असता तरी त्याला इतकी चांगली साक्ष काढता आली नसती. गांधीलमाशी अळी घेऊन रानाकडे उडाली, असं तू लिहितोस. रस्त्याकडे का नाही उडाली? कारण तिचं घर रानात आहे. रानाला लागून ओळी काचेसारख्या आणि रस्त्याकडच्या किडलेल्या. धूळ म्हणे. रानातली पाखरं आणि माश्या घरापासून फार लांब जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तुझा सुपरवायझर कोतवाल आहे. त्याला चिंचेकडच्या रानात घरट्यासाठी फांद्या आहेत म्हणून तो तुझ्या काठीवर येतो. माझ्या काठ्या पूर्ण हंगाम रिकाम्या होत्या. मी रोज बघत होते.

आता तुझ्या नाजूक मुद्द्याकडे येते. रानाने काही होत नाही, फरक शेतकऱ्याचा आहे, असं तू एका पानावर लिहितोस, आणि उलटून लगेच, रानाकडचा तुकडा कायम मला दे. का रे? तुझा हात इतका गुणी असेल तर उघड्या तुकड्यात जा आणि दाखव. तुझ्या प्रमाणपत्राला तिथे कोणी अडवलं नाही. तुझ्या पत्रातलं सगळं खोडलं आणि एवढीच मागणी ठेवली, तरी करार मी जिंकले असं सिद्ध होतं.

अदलाबदल थांबणार नाही. आबांनी ती अशाच भाच्यांसाठी घालून दिली. येत्या दसऱ्याला मी बांधावर पान घेऊन उभी राहीन, आणि उघडा तुकडा तुझ्याकडे येईल. मी त्यात एक वर्ष सोसलं, एक वर्ष तू सोस. त्याच्या पुढच्या दसऱ्याला मी पुन्हा त्यात जाईन, आणि मग पुन्हा तू. तू पन्नाशीला नोकरी सोडून इथे यायचं म्हणतोस. ये, मला खरंच आनंद होईल, हे वाडीत एकटीने म्हातारं होणाऱ्या बाईचं खरं बोलणं समज. पण दर एका वर्षाआड टोपल्या फेकून संसार चालत नाही. सुरुचीला खुर्ची सोडायचं वचन द्यायच्या आधी, पाडलेलं परत उभं करावं लागेल, आणि ते तुझ्यासाठीच करावं लागेल. झाडं मोठी व्हायला वेळ घेतील. बांबू आणि अडुळसा लवकर धरतील, तेवढ्यानेही बारीक माश्या परत यायला लागतील. करंज आणि शिरीष तुझ्या म्हातारपणी उपयोगी पडतील. म्हणून उशीर नको.

खर्चाची रड आधीच बंद करते. बी आणि फांद्या चिंचेकडच्या रानातून मिळतील. करंजाच्या शेंगा पडल्या आहेत, कृष्णाबाई वेचून ठेवते आहे. भोकर रुजवायचं काम माझं. खड्डे तुझे. जेसीबीने खणलेस तरी चालेल, त्याचा उपयोग कसा करतात हेही तुला समजेल.

तेव्हा मला तुझ्याकडून पुढील गोष्टी तुझ्या हाताने लिहून हव्या आहेत. करार तू हरलास. चिंचेकडच्या रानाच्या एकाही झाडाला हात लावणार नाहीस. या पावसाळ्यात विहिरीकडच्या तुकड्यामागे, जिथून जिथपर्यंत रान पाडलंस तिथून तिथपर्यंत, करंज, भोकर, उंबर, शिरीष, बांबू आणि अडुळसा लावशील आणि जगवशील. गुलमोहर, पाम, रंगीत कुंड्या आणि तुझ्या सोसायटीच्या गेटजवळ आहे तसलं काहीही चालणार नाही. अदलाबदल आहे तशीच राहील. खाली तुझी सही आणि सुरुचीची साक्ष. मोबाइलवरचा अंगठा मी उत्तर धरत नाही, फोन केलास तर उचलणार नाही, आणि देवळात गेलेली असताना बांध ओलांडून चिठ्ठी ठेवलीस तर ती झावळीखालच्या ढिगात जाईल.

हे लेखी उत्तर माझ्या हातात बुधवार, दि. १८ मार्च २०२६ रोजी संध्याकाळी पाच वाजायच्या आत पडलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पाडवा आहे, आणि गुढीसाठी बांबू तुला नेहमीप्रमाणे माझ्याकडूनच हवा असेल. या वर्षी विहिरीकडे तो उरलेला नाही. चिंचेकडच्या बेटातून तोडून देईन, उत्तर वाचून झाल्यावर.

तुझी आत्या,
यमुना राऊत